पाहुण्यांची बाजू

कट्टा,
रविवार दुपार

प्रिय प्राजू,

तुला कागदावर शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवत नाही. बहुतेक तू लग्न होऊन पुण्याला गेलीस त्या वर्षी. तेव्हाही निम्मं पान तुझ्या सासूबाईंच्या चौकशीत घालवलं होतं, कारण पत्र आधी त्याच वाचणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आता फोन आले आणि आपण दोघी आळशी झालो. तुझा निरोप पोचला. मी तो वाचला हे तुला निळ्या खुणांवरून कळलंच असेल, आणि नंतर माझ्याकडून चकार शब्द नाही म्हणून तू मनातल्या मनात माझा उद्धारही केला असशील. कर. पण त्या निरोपाला अंगठ्याने खरडून उत्तर देता येईना. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आज दुकान बंद आहे, अब्बा आत पडलेत, फैसल मालवणला गेलाय. म्हणून शिलाई मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि बसले लिहायला.

मागच्या मे महिन्यातली फायनल तू पाहिली नाहीस. तुझ्या मोठीला कांजिण्या आल्या होत्या. जे काही कळलं ते तुला मंगेशकडून कळलं. तुझा भाऊ म्हणून तू त्याच्यावर विश्वास ठेवलास, त्यात तुझी चूक नाही. ‘एकदम शांततेत झाली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, दाऊदचाचा उगाच मनाला लावून बसलेत,’ असं त्याने सांगितलं, हो ना? यातलं एकही वाक्य खोटं नाही, अब्बांबद्दलचंसुद्धा. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

आधी तुला आपल्या जुन्या रीतीची आठवण करून देते. पुण्यात राहून विसरली असशील. भात कापून झालं की मळ्यातले भाताचे कुणगे एकत्र करून, मधल्या मातीच्या मेरा तासून मैदान व्हायचं. पश्चिमेचा गोल तुमच्या कुणग्यात, पूर्वेचा आमच्या. अब्बांकडे कधी कुणी परवानगी मागितली नाही आणि अब्बांनीही ती मागण्याची वाट पाहिली नाही. मॅचच्या दिवशी समोरच्या गावची पोरं आणि त्यांचे पाठीराखे टेंपो भरून सकाळीच यायचे, आणि तुझे वडील, आमचे दाजीकाका, देवळापुढे उभे राहून त्यांना घरोघर वाटून द्यायचे. पाच तुमच्याकडे, चार आमच्याकडे, दोघे त्या सत्यवानाच्या घरी. ज्याला जिथे धाडलं तिथे तो जेवायचा. तुझी आई तर एकदा देवगडच्या त्या लांबटांग्या फॉरवर्डला शिंपल्यांच्या, आपल्या तिसऱ्यांच्या सुक्यावर असा आग्रह करत राहिली की दुपारी त्याला धड पळवेना. आपण जिंकलो आणि काकींच्या नावाने ढोल वाजला. तेव्हा गर्दी आवरायला पोलीस लागत नव्हते. ज्याने दुपारी आपल्या पडवीत बसून आमटी ओरपली, त्याच्या आईबहिणीवर संध्याकाळी कोण जाणार? फार तर, ‘उद्या ये रे परत जेवायला, मग बघतो,’ एवढीच शिवी ऐकू यायची.

मग एका वर्षी कमिटीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं की कोण कुणाच्या घरी जातो, तिथे काय शिजतं, हे एकदा ठरलेलं बरं. कोण बोललं ते आजवर कुणी सांगत नाही. भाषा अगदी सभ्य होती म्हणतात. दाजीकाकांना वाद नको होता, म्हणून त्यांनी मालवणहून जेवणाची पाकिटं मागवली. पाहुण्यांनी आंब्याखाली बसून पुलाव खाल्ला, हात धुतले, झालं. खरं सांगू, आम्हा बायकांना बरंच वाटलं. चूल नाही, भांडी नाहीत. पण त्या वर्षीपासून समोरच्या संघातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. पुढच्याच मोसमात आपल्या गावच्या त्या बाळाने विजयदुर्गच्या बाजूने आलेल्या संघाच्या एका खेळाडूवर सोड्याची बाटली भिरकावली. त्याची भुवई फाटली, मॅच बंद पडली, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. पोलीस ठाण्यातून माणूस आला आणि म्हणाला, दोन गावांची माणसं वेगळी बसवा, नाहीतर परवानगी विसरा. यात तो काही चुकीचं बोलला असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मंगेशने हे काम अंगावर घेतलं. तुझा भाऊ कामाचा आहे, त्याबद्दल शंका नाही. तो गोव्यात मोठ्या स्टेडियमवर मॅच बघून आला होता. तिथे पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळा दरवाजा असतो, दोन बाजूंच्या मध्ये रिकाम्या खुर्च्यांचा पट्टा सोडतात, मॅच संपली की एका बाजूला थांबवून आधी दुसरीला बाहेर काढतात, हे सगळं तो माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून हातवारे करत सांगायचा. मी त्याला चिडवलं, की बाबा रे, गर्दी म्हणजे आपली तीनशे माणसं आणि मथुराकाकीची शेळी, तिला कुठल्या बाजूला बसवणार? तो हसला नाही. मनगटाला बांधायच्या फिती त्याने माझ्याकडूनच नेल्या. गावासाठी लाल, पाहुण्यांसाठी हिरवी, कारण त्यांची जर्सी हिरवी आणि आपली लाल. एवढं साधं होतं ते. मधला दोर अब्बांनी दिला, आमचा रापणीच्या जाळ्याचा जुना, मनगटाएवढा जाड. ‘ह्यो तुटाचो नाय,’ म्हणाले, आणि स्वतः दोन पोरांना घेऊन खांब पुरायला गेले.

मी काही अडाणी नाही, प्राजू. जिथे हजारो अनोळखी माणसं येतात, दारू पिऊन येतात, तिथे दोर हवाच, दोन दरवाजे हवेतच. त्याने जीव वाचतात. पण आपल्याकडे अनोळखी होतंच कोण? विजयदुर्गकडच्या निम्म्या पोरांच्या आत्या नाहीतर मावश्या आपल्या पंचक्रोशीत दिलेल्या. आपण आधी एकमेकांना अनोळखी करून घेतलं आणि मग सुरक्षेची व्यवस्था केली. हे मी आज लिहितेय, तेव्हा मलाही कळलं नव्हतं. तेव्हा मी फिती कापून गठ्ठे बांधून दिले आणि मंगेशकडे चहा मागितला.

पाहुण्यांची बाजू कुठे ठेवायची यावर फार खल झाला नाही. पूर्वेकडे मोकळं होतं, रस्ता जवळ होता, टेंपो लावायला बरं. म्हणजे आमचा कुणगा. अब्बा म्हणाले, घ्या.

फायनल परत त्याच संघाशी पडली. ज्याची भुवई फुटली होती तोच शाहनवाज त्यांचा कप्तान. आपल्या गोलमध्ये माझा भाऊ, फैसल, नेहमीसारखा. सहा वर्षं तो एक नंबरची लाल जर्सी घालतोय, आणि त्या गोलमागे उभं राहून अब्बांनी सहा वर्षं घसा फोडलाय. तुला अब्बांचा आवाज ठाऊक आहे. अम्मी म्हणायची, यांना बांग द्यायला ठेवा, भोंग्याचा खर्च वाचेल. मी दुपारीच गेले होते. आपली पूजा बायकांच्या दरवाजावर होती, तिने मला लाल फीत बांधली, वर एक बिस्किटाचा पुडा दिला. अब्बा दुपार कलल्यावर असरची नमाज आटोपून रस्त्याच्या बाजूने आले, पांढरा सदरा, टोपी, दाढीला ताजी मेंदी. त्या दरवाजावर मंगेशने बाहेरची पोरं उभी केली होती, ओळखीपाळखीचा घोटाळा नको म्हणून. त्यातल्या एकाने अब्बांकडे पाहिलं आणि काही न विचारता हिरवी फीत काढली. अब्बांनी हात पुढे केला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यांना हिरवी देत असतील. पोराने त्यांना अदबीने हाताला धरून पाहुण्यांच्या बाजूला नेऊन बसवलं. खुर्ची दिली. ती खुर्ची आमच्या कुणग्यात मांडलेली होती.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला जे दिसलं त्यावरून त्याने ठरवलं. अब्बांनी मागे वळून पाहिलं, आपली माणसं दोराच्या पलीकडे दिसली, तेव्हा ते उठून दोराशी आले. जाकीट घातलेल्या दुसऱ्या पोराने त्यांना थांबवलं. हिरवी फीत इकडे चालत नाही. मी बायकांतून उठून धावत गेले. मला म्हणाला, लाल फीत तिकडे चालत नाही. अब्बा आणि मी दोराच्या दोन बाजूंना उभे, मध्ये मोकळा सोडलेला पट्टा, आणि तो विशीतला मुलगा आम्हाला नियम समजावून सांगतोय. मला आधी हसू आलं. मी मंगेशला हाक मारली. तो शिटी गळ्यात अडकवून आला, त्याने पाहिलं, त्याला सगळं एका क्षणात कळलं, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. एक शब्द पुरला असता. ‘हे आमचे आहेत.’ बस. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘सनोबर, आता घोळ घालू नको गो. पोलीस बघतत. एकाक सोडलंय तर सगळे मागतले. आणि थंय बसले तर काय बिघाडला? थंय सगळी त्यांचीच माणसा आसत.’

त्यांचीच माणसं. प्राजू, लहानपणी मंगेश तापाने फणफणला होता तेव्हा भर पुरात होडी घालून मालवणहून डॉक्टर कोणी आणला होता, ते तुझ्या आईला विचार. मी तोंड उघडलं, पण अब्बांनी पलीकडून हात केला. ‘जांवदे गो. खंयसूनय बघितला तरी गोल तोच.’ आणि ते परत जाऊन बसले. मीही बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका एकदम माझ्या शिवणकामाचं कौतुक करायला लागल्या, त्यावरून मला कळलं की त्यांनीही ऐकलंय.

दाजीकाका मंडपात होते, माईकसमोर. त्यांनी पाहिलं नाही असं मला कुणी सांगू नये. मैदानाचा नारळ दरवर्षी आमच्या माडाचा असतो आणि तो हातात देऊन अब्बा त्यांच्या शेजारी उभे राहतात, तेही वर्षानुवर्षं ठरलेलं. नारळ पोचला होता, अब्बा नव्हते. काकांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा, हंय जमलेल्या तुझ्या सगळ्या लेकरांक एकठंय ठेव, सगळ्यांची राखण कर रे म्हाराजा.’ दोराच्या अलीकडून दणक्यात ‘होय म्हाराजा’ झालं. पलीकडच्यांना काय करायचं कळेना, ते नुसते उभे राहिले. अब्बा त्यांच्यात टोपी सारखी करत उभे होते. त्यांना त्या गाऱ्हाण्याचा शब्दन्‌शब्द पाठ आहे.

मॅच चांगली झाली, हेही लिहायला हवं. मध्यंतराला एक-एक. आपल्या दत्तप्रसादने टाचेने मारलेला गोल तर तू बघायला हवा होतास. मध्यंतरानंतर फैसल पूर्वेच्या गोलमध्ये आला, आमच्या कुणग्यातल्या. अब्बा त्याच्यामागे जेमतेम हाकेवर, पण भोवती सगळा हिरवा झेंडा. फैसलने मागे वळून पाहिलं. त्याला वडिलांना त्या गर्दीत बसलेलं पाहून काय वाटलं ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही. अब्बांनी नेहमीसारखी ‘फैसल्या, डाव्या अंगाक!’ अशी आरोळी ठोकली, तर शेजारच्या चार जणांनी वळून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी ती ठोकली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा फैसलच्या मागून आवाज आला नाही.

शेवटी शेवटी शाहनवाजने लांबून एक साधा फटका मारला. जोर नव्हता त्यात. फैसल खाली वाकला, चेंडू गोलच्या तोंडाशी जुन्या मेरेच्या उंचवट्यावर आपटला, उडाला आणि त्याच्या खांद्यावरून आत गेला. तो उंचवटा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी कुणीतरी म्हणतं की तो तासायला हवा आणि दरवर्षी राहतो. त्यावर आजवर पाच-सहा कीपर फसलेत, तुमचा मंगेशही एकदा फसला होता, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, ‘स्वतःच्या शेतातलो ढेप म्हायत नाय व्हय तेका?’ मग दुसरा, ‘बापूस थंय बसलो हा, बघा.’ आणि सगळ्या माना वळल्या. प्राजू, त्यांनी अब्बांना तिथे बसवलं होतं. त्यांनी. आणि मग अब्बा तिथे बसलेत यावरून त्यांनी फैसलबद्दल निकाल लावला.

आपण दोन-एक हरलो. मॅच संपल्यावरची व्यवस्था तर फारच नमुनेदार. आधी गाव बाहेर काढलं, पाहुण्यांना दोराआड थांबवून ठेवलं, अंधारून येईपर्यंत. अब्बाही थांबले. आमचं घर तिथून मेर ओलांडली की दिसतं, तुला ठाऊक आहे. पण तिकडून सोडत नव्हते. शेवटी त्यांना पाहुण्यांच्या दरवाजाने रस्त्यावर काढलं, टेंपोच्या रांगेत, आणि तिथून ते सगळं गाव वळसा घालून घरी आले. फीत मनगटावर तशीच होती. गाठ घट्ट बसली होती, मी कात्रीने कापली. ‘बरा झाला, मारामारी झाली नाय,’ एवढंच बोलले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मंगेशचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ठाण्यातल्या साहेबांनी शिस्तीचं कौतुक केलं. पेपरात फोटो आला. सगळं यथासांग.

त्याच संध्याकाळी गावच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. मंगेशने तुला तो दाखवला नसेल. गोल झाल्यावर पाहुण्यांची बाजू उसळली, तेव्हा कुणीतरी मागून काढलेला. सगळे नाचताहेत आणि मधे अब्बा, दोन्ही हात वर. खाली फैसलवरून लिहिलेलं, ‘झील गोल सोडता, बापूस नाचता.’ अब्बांनी हात डोक्यावर मारून घेतले होते गं. मी समोरून पाहत होते, मी त्यांचं तोंड पाहिलं. पण मागून बघणाऱ्याला ते कसं दिसणार? मंगेश त्या ग्रुपचा ॲडमिन. मी त्याला फोन केला. म्हणाला, मी काढून टाकला तर लोकांना वाटेल खरंच काहीतरी आहे, आपोआप विसरतील. व्हिडिओ अजून आहे. विसरलं कुणी नाही. कट्ट्याच्या एसटी स्टँडवर फैसल उतरला की पोरं हात वर करून दाखवतात.

दाजीकाका एकदा येऊन गेले. सकाळचे आले, पडवीत बसले. अब्बांना वाटलं, आता बोलतील. मला वाटलं, आता बोलतील. काका म्हणाले, ‘औंदा काजी कमीच धरले, दाऊद.’ अब्बा म्हणाले, ‘वाऱ्यान मोहोर झडलो.’ मग चहा झाला. मग कोकमाच्या आगळाबद्दल बोलणं झालं. काका दोनदा उठू लागले आणि परत बसले. तिसऱ्यांदा उठले ते गेले. ते वाईट माणूस नाहीत, मी जन्मापासून त्यांना ओळखते. पण चांगुलपणा असून तो वेळेवर तोंडातून बाहेर पडणार नसेल तर आम्ही त्याचं काय करायचं? तुला तुझ्या वडिलांबद्दल हे वाचून वाईट वाटेल. मला माझ्या वडिलांबद्दल वर्षभर वाटतंय.

फैसलने जर्सी धुऊन, इस्त्री करून पूजाच्या हाती पाठवली. मला आशा होती की कुणीतरी ती परत घेऊन येईल, त्याच्या अंगावर फेकून ‘शाणो झालंस काय’ म्हणून शिव्या देईल. तसं आपल्याकडे होतं ना? रुसलेल्या माणसाला शिव्या देऊन परत आणतात. कुणी आलं नाही. पावसाळा गेला, गणपती झाले, भात कापून झालं. कमिटीचा माणूस कुणगा मात्र मागायला आला, आणि अब्बांनी तो दिला. मी भांडले त्यांच्याशी. म्हणाले, ‘जमीन मी दिलंय ती पोरांका खेळूक दिलंय, गो. पोरांनी काय केला?’ माझ्या अंगात एवढा मोठेपणा नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आणि मग एक दिवस शाहनवाज मोटरसायकल घेऊन आला, थेट विजयदुर्गहून. भुवईवर अजून वण आहे. आमच्याकडे जेवला, तिसऱ्यांचं सुकं मागून घेतलं. जेवून झाल्यावर फैसलला म्हणाला, आमच्याकडून खेळ, आमचा कीपर दुबईला गेला. इथवर ठीक होतं. मग पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘अरे, तू आमचोच. उगाच थंय कित्याक रवलंस इतकी वर्सां?’ मी भांडी उचलत होते, ती तशीच खाली ठेवली. तोही तेच म्हणाला, प्राजू. गाव म्हणतं तू त्यांचा, ते म्हणतात तू आमचा. फैसल फटका बरा अडवतो की नाही, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. फैसल ‘बरां’ म्हणाला. त्याला गोलमध्ये उभं राहायचंय, दुसरं काही नको. दोन खांबांमधली जागा त्याला आपल्या गावात उरली नाही, ती तिकडे मिळतेय. मी त्याला अडवलं नाही.

आता तुझा निरोप. ‘मेमध्ये मुलांना घेऊन येतेय, पहिली मॅच बघायचीच आहे, माझ्यासाठी तुझ्या शेजारी जागा धर, आणि फैसलला म्हणावं झालं गेलं विसर, मंगेश त्याला परत घ्यायला तयार आहे.’ तू हे चांगल्या मनाने लिहिलंस, म्हणूनच मला उत्तर जमत नव्हतं. ते असं. चिठ्ठ्या टाकल्या, पहिलीच मॅच आपल्या गावाची आणि त्यांची आहे. फैसल हिरव्या जर्सीत असेल. मी त्याची बहीण आहे, त्यामुळे मी पाहुण्यांच्या बाजूला बसेन, या वेळी मला कुणी हाताला धरून न्यायची गरज नाही. अब्बा त्या दिवशी मालवणला त्यांच्या बहिणीकडे, माझ्या फुफीकडे जाऊन राहणार आहेत. म्हणाले, ‘फैसलाच्या विरोधात माका आरडूक येवचा नाय, आणि गावाच्या विरोधातय येवचा नाय,’ आणि पिशवी आत्तापासून भरून ठेवलीय. तेव्हा तुझी जागा मी धरू शकत नाही. तू मंगेशच्या बाजूला बस, तिथे सावली आहे. तुझी धाकटी चौकस आहे, समोर बोट दाखवून विचारील, सनोबरमावशी तिकडे का बसली? ते मात्र तूच सांग तिला. आजवर मी अब्बांना समजावलं, फैसलला समजावलं, मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांच्या वतीने स्वतःलाही समजावलं. आता तुझी पाळी.

अजून तरी तुझीच,
सनोबर